रिलीव्हर तात्या आणि वाटीभर मेथी

तात्या कुठे बसलेले दिसले, की आमच्या लाइनवरची माणसं घाबरायची. बसलेत म्हणजे नक्की काहीतरी झालंय. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, मी स्वतःही त्यातलीच. पण तात्यांची भिंगरी थांबायचं नावच घ्यायची नाही. जेवायचे उभ्याने, चहा प्यायचे चालता चालता, बसमध्ये सीट रिकामी असली तरी दाराचा दांडा धरून उभे. "बसून काय करायचं? बसलं की माणसाला आपलं काय काय दुखतंय ते कळाया लागतं," असं म्हणायचे आणि तोवर दोन पावलं पुढे गेलेले असायचे.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांच्या सीटा बनवते. लाइनवर प्रत्येकाची एक स्टेज ठरलेली असते. कुणी फोम बसवतं, कुणी कव्हर चढवतं, कुणी क्लिपा मारतं. सीट पुढे सरकत राहते, ती कुणासाठी थांबत नाही. माणसाला मात्र मध्येच बाथरूमला जायचं असतं, पाणी प्यायचं असतं, घरून फोन आलेला असतो. अशा वेळी त्याच्या जागी जो येऊन उभा राहतो तो रिलीव्हर. तात्या आमचे रिलीव्हर. त्यांना स्वतःची अशी स्टेज नव्हती आणि सगळ्याच स्टेजा त्यांच्या होत्या. साहेबांनी एकदा कौतुकाने त्यांना कव्हरच्या स्टेजवर कायमचं नेमलं, तर आठवडाभरात त्यांचं तोंड वाळून गेलं. पुन्हा रिलीव्हर केलं तेव्हा कुठे माणसात आले.

मी ट्रेनी म्हणून लागले तेव्हा लाइनवर आम्ही मुली थोड्याच होतो. हात वर करून ‘मला जायचंय’ म्हणायची लाज वाटायची, म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायची नाही. तात्यांनी ते लगेच ओळखलं. मागून आले, माझ्या हातातली क्लिपा मारायची गन काढून घेतली आणि म्हणाले, "जा पोरी, मी हाय." कुठे, कशाला, किती वेळ, काही विचारलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी हे ऐकत आले. कुणाच्या घरी आजारपण असो, कुणाचं नवऱ्याशी भांडण झालेलं असो, चेहरा बघून तात्या मागे येऊन उभे राहायचे आणि तेवढंच म्हणायचे. आम्ही त्यावर इतके विसंबून गेलो होतो की त्यांनाही कधी कुठे जायचं असेल, हे आमच्या डोक्यातच यायचं नाही.

बाकी सगळं एकीकडे आणि तात्यांचं पालेभाजीचं वेड एकीकडे. आमची बस डांगे चौकातून सुटायची आणि मोशीच्या पुढे हमखास अडकायची. बस अडकली की आम्ही मोबाइल काढायचो. तात्या ड्रायव्हरला दार उघडायला लावायचे आणि खाली उतरून चालायला लागायचे. रस्त्याच्या कडेला तेव्हा अजून थोडीफार शेतं शिल्लक होती. बांधावर वाकून काहीतरी खुडत, पिशवीत टाकत ते पुढे जायचे, आणि आमची बस खुरडत खुरडत पुढच्या चौकात पोचायची तेव्हा ते आधीच तिथे उभे असायचे. वर चढून पिशवीचं तोंड उघडून दाखवायचे. कधी तांदुळजा, कधी घोळ, कधी पाथरी. "बगा, ट्रॅफिकनं आज भाजी दिली." ड्रायव्हर म्हणायचा, "तात्या, तुम्ही चालतच जात जा चाकणला. आमच्या आधी हजेरीचा पंच मारून मोकळे व्हाल."

एक भाजी लागोपाठ दोन दिवस खायची नाही, हा त्यांचा नियम. नियम कसला, धर्मच. "शेळी बगितली का कदी? हितं दोन तोंडं मारती, तितं दोन मारती, म्होरं जाती. एकाच झुडपाला चिकटलेली शेळी बगितलीस? मंग? शेळीला कदी शुगर झाल्याली आयकलीस का?" शेळीची शुगर तपासली कुणी, असं मी विचारायची. त्यांना राग यायचा नाही. माझ्या डब्यात चमचाभर अंबाडी टाकून ते पुढच्या माणसाकडे गेलेले असायचे. स्वतःचा डबा हातात धरून अख्ख्या कॅन्टीनमध्ये फिरायचं आणि ज्याच्या त्याच्या ताटात घास टाकायचा, ही त्यांची जेवणाची पद्धत. शेवटी डब्यात काही उरायचं नाही, मग दुसऱ्यांच्या ताटातली बटाट्याची भाजी नाक मुरडत उचलायचे. तात्या, एक दिवस तुम्ही बें बें कराल, असं आम्ही चिडवायचो. लगेच करूनही दाखवायचे.

ते मूळचे थेरगावचे. रावेतला त्यांच्या वाट्याची जमीन होती, तिथे आता उंच सोसायटी आहे. तात्यांना त्याचं फार दुःख होतं असं नाही. दुःख करायलाही एका जागी बसावं लागतं. पण पावसाळ्यात त्या सोसायटीच्या लॉनच्या कडेला कुर्डू उगवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तात्या पिशवी घेऊन तिथे हजर. वॉचमनने हटकलं तर त्यालाच समजावायचे, "आरं, ह्यो कुर्डू माज्या वळखीचा हाय. आज्यापासनं हितंच उगवतो. नवीन तू हाईस." वॉचमन बीडकडचा होता. त्यालाही गावचा कुर्डू आठवला, आणि मग तोच आतून खुडून फाटकाशी आणून द्यायला लागला.

कंपनीत दर वर्षी सगळ्यांची तपासणी होते. एका वर्षी निम्म्याहून जास्त लाइनच्या रिपोर्टवर खुणा आल्या. शुगर, बीपी, रक्तातली चरबी. पाळ्या बदलत्या, झोप अर्धवट, नाश्त्याला वडापाव, वर साखरेचा चहा. दुसरं काय होणार? माझीही साखर अगदी काठावर निघाली. साखरेपायी माझ्या आईची नजर गेलेली होती. तो कागद हातात धरून मी जिन्यातच उभी राहिले.

मग कंपनीने एका डॉक्टरांना व्याख्यानाला बोलावलं. भले गृहस्थ होते. ते म्हणाले, मेथीचा कडूपणा, लसणाचा उग्र वास, जांभळाचा तुरटपणा, माठाचा लाल रंग, ही नुसती चव आणि शोभा नाही. झाडं स्वतःच्या बचावासाठी अंगात काही द्रव्यं तयार करतात, आणि ती आपल्या पोटात गेली की आपल्या रक्तवाहिन्यांना आणि साखरेलाही थोडाफार हातभार लावतात. थोडाफार, हे त्यांनी पुन्हा एकदा ठासून सांगितलं. गोळ्या मात्र कुणी बंद करायच्या नाहीत, असंही बजावलं. तात्या मागे भिंतीशी उभे होते, या पायावरून त्या पायावर होत. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "आयकलंस? डॉक्टर आपल्या बाजूचा हाय." तो ‘थोडाफार’ त्यांच्या कानात शिरलाच नव्हता.

त्या दिवसापासून ते माझ्यामागे हात धुऊन लागले. जेवण झालं की शेडभोवती फेऱ्या मारायला लावायचे, स्वतः पुढे आणि मी मागे धापा टाकत. माझा भात अर्ध्यावर आणला. शेवग्याचा पाला वाळवून, कुटून, पुडी बांधून द्यायचे. पुढच्या तपासणीत माझी साखर उतरली. पाल्याने उतरली, चालण्याने उतरली, कमी भाताने उतरली की नुसत्या भीतीने, देव जाणे. तात्यांना शंकाच नव्हती. "शेवगा," असं एकेकाला थांबवून सांगत सुटले, जणू साखर माझी नाही, त्यांचीच उतरलीय. त्या दिवशी मला ते फार आवडले होते.

आणि मग तेच कोसळले. माझ्याच स्टेजवर. मी पाणी पिऊन परत आले तर एक सीट क्लिपा न मारताच पुढे गेलेली. तात्यांच्या हातून सीट तशी गेलेली मी पहिल्यांदाच बघत होते. ते मशीनला धरून उभे होते, ओठ काळेनिळे पडलेले, छाती भात्यासारखी हलत होती. "गॅस झालाय," म्हणाले, आणि खाली फरशीवर बसले. तात्या बसले! कुणीतरी ओरडलं, कुणीतरी लाल बटण दाबलं आणि कुणासाठी न थांबणारी लाइन थांबली.

लहानपणी त्यांना सांधे धरणारा ताप आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप तेव्हाच आखडली होती, आणि ती वर्षानुवर्षं आवळत गेली होती. ऑपरेशन करून तिच्या जागी कृत्रिम झडप बसवावी लागली. शुद्धीवर आल्यावर तात्या खट्टू होऊन म्हणाले, "येवडा पाला खाल्ला, तरी बिगाडलं." चिंचवडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, पाल्याने झडप दुरुस्त होत नाही. पण तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या या वयातही छान मोकळ्या आहेत." झालं! भेटायला येईल त्याला तात्या छातीवरचे टाके दाखवून सांगायचे, "झडप कंडम निगाली. नळ्या एक नंबर."

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. आम्हाला म्हणजे तात्या, त्यांच्या बायको माई, आणि मी. मुलगा बंगलोरला नोकरीत. तो ऑपरेशनला येऊन परत गेला होता. डॉक्टर म्हणाल्या, "कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवणारी ही गोळी जन्मभर घ्यायची. आता नीट ऐका. पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. पालेभाजी चालते, चांगलीच आहे. पण रोज तेवढीच खायची. आज चिमूटभर आणि उद्या भाराभर, असं केलंत तर गोळीचा मेळ बसणार नाही. भाज्या बदलल्या तरी घोटाळा, कारण प्रत्येकीत ते कमीजास्त असतं. सोपं करू या. रोज एक वाटी मेथी. आणि रक्त सांगितलेल्या दिवशी तपासायचं."

तात्यांनी विचारलं, "रोज तीच?"

"तीच."

"उद्याबी?"

"उद्याही. आणि परवाही."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना ऑपरेशनला नेताना पाहिलं होतं. तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा एवढा पडला नव्हता.

आता घरी एक नवा पाहुणा आला होता, त्या झडपेचा आवाज. खोलीत शांतता असली की बाजूच्या माणसाला ऐकू यायचं, टिक, टिक, टिक. "घड्याळ गिळल्यागत झालंय," तात्या म्हणायचे. माई वैतागायच्या. "आधी ह्यांचे पाय थांबत न्हवते, आता छाती थांबंना. मला मेलीला कवा निवांत मिळायचा?" तात्यांना तर तो आवाज सोसवायचाच नाही. म्हणून टीव्ही मोठ्याने लावायचे, पंखा लावायचे, डांगे चौकाच्या गोंगाटात जाऊन उभे राहायचे. लाइनवर असते तर ऐकूच आला नसता. पण कंपनीने आता त्यांना लाइनवर घ्यायचं नाकारलं होतं.

आणि मग आमच्या लोकांनी ती चूक केली. आमच्याच लोकांनी करावी अशी. तात्या बरे होऊन आले म्हटल्यावर भेटायला जायचं. रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि तात्यांकडे जायचं तर केळी-बिस्किटं काय न्यायची? ज्या माणसाने जन्मभर आपल्या ताटात पाला वाढला, त्याला पालाच. खेडचा पोरगा घरच्या वावरातली चाकवत घेऊन आला. लातूरच्या बाईंनी गावावरून तांदुळजा मागवला. आमच्या कोकणातल्या क्वालिटी इन्स्पेक्टरने एसटीतून टाकळा आणवला. रावेतचा वॉचमन कुर्डूची गोणीच घेऊन आला. माई दारातच सांगायच्या, "डॉक्टर म्हणल्या, पालेभाजी चालती, पर रोज तेवढीच." ‘चालती’ एवढं सगळे ऐकायचे आणि पिशवी ओट्यावर ठेवून मोकळे व्हायचे. पुढचं वाक्य काही उंबरा ओलांडून आत यायचं नाही.

मी रविवारी जाऊन फ्रिज उघडायची आणि जुड्या काढून शेजारीपाजारी वाटायची. तात्या माझ्यावर चिडायचे. "माणसं कुटनं कुटनं घिऊन येत्यात. टाकून देऊ व्हय? एक घास खाल्ला म्हंजी काय व्हतंय?" एकेकाचा एकेक घास; पण माणसं किती! मी सोमवारी बसमध्ये ओरडायची, दर रविवारी तात्यांशी भांडायची, आणि मधल्या दिवसांत माझा जीव टांगणीला. वर रक्ततपासणीचं आणखी वेगळंच. लॅबमध्ये रांग असायची. जन्मभर दुसऱ्यांना ताटकळू न देणाऱ्या या माणसाला स्वतः ताटकळता यायचं नाही. थोडा वेळ बसायचे, उठायचे, बाहेर फेरी मारायचे आणि रक्त न देताच घरी यायचे. माईंना सांगायचे, "दिलं की."

एका दुपारी त्यांच्या हातातला पाण्याचा पेला पडला. माईंनी "काय झालं?" विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. माईंनी वेळ घालवला नाही, शेजारच्याची रिक्षा काढायला लावली आणि थेट दवाखाना गाठला, म्हणून वाचले. मी पोचले तेव्हा तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात पांघरुणावर ठेवल्यासारखा पडलेला. मला बघून ते काहीतरी म्हणाले. कळलं नाही. मला भयंकर राग आला होता, कुणावर ते मला अजूनही सांगता येणार नाही. खेडच्या त्या पोराची चाकवत, लातूरच्या बाईंचा तांदुळजा, यांत कुणाचं काय वाईट होतं?

बोलणं हळूहळू परत आलं. उजवा हात अर्धाच आला. मी कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, तात्यांकडे कुणीही पालेभाजी न्यायची नाही. त्यावरून भडका उडाला. "आम्ही काय विष घेऊन जातो का?" "ताई, तुम्ही कोण सांगणार?" मी माघार घेतली नाही. मग झालं असं, की माणसं यायचीच थांबली. रिकाम्या हाताने जाणं जमेना, दुसरं काय न्यावं ते सुचेना. थेरगावचं ते घर ओस पडलं. तात्या खुर्चीत, समोर मोठ्याने लावलेला टीव्ही, डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर सारखी वाजताहेत. माई रोज ती स्टीलची वाटी पुढे ठेवायच्या. "आज काय?" तात्या विचारायचे. "मेथी." "उद्या?" "मेथी." "मी मेल्यावर पिंडाला पण मेथीच ठिवशील तू." माई म्हणायच्या, "गप खावा," आणि आत निघून जायच्या. जीव वाचवायला गेले आणि माणसंच तोडून बसले, या विचाराने मला घरात बसवायचं नाही, लाइनवर उभं राहवायचं नाही.

एका रविवारी येताना मी डांगे चौकातून माझ्या घरासाठी चाकवतीची जुडी घेतली होती. पिशवी दारात ठेवली होती. तात्यांना वास आला असावा. "आण हिकडं."

"अजिबात नाही."

"खात न्हाई गं बये. निवडतो." आणि मग जरा थांबून, "मला कायतरी कामाला लाव. न्हाईतर एकदाचं घाटावर पोचीव."

मी वर्तमानपत्र पसरून जुडी त्यांच्या मांडीवर दिली. उजव्या हाताने काडी कशीबशी धरायची, डाव्याने पान खुडायचं. सुरुवातीला काडी सुटायची, पानं खाली सांडायची. तात्या शिव्या घालत होते, पण थांबत नव्हते. ती एवढीशी जुडी निवडायला दुपार गेली. संपली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला होता. "उद्या आणिक आण," म्हणाले.

हे मी बसमध्ये सांगितलं, तर एक नवी मुलगी पटकन बोलून गेली, "मग माझीपण द्या की त्यांना. कामावरून गेल्यावर पालेभाजी कोण निवडत बसणार, म्हणून आमच्यात आणतच नाही." कुणीतरी हसलं. पण दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच शेपू आणला. मग सगळ्यांनीच सुरू केलं. सकाळी बस धरायच्या आधी तात्यांच्या ओट्यावर जुडी ठेवायची, संध्याकाळी उतरलं की निवडलेली भाजी न्यायची. कुणाची कुठली ते कळावं म्हणून माई प्रत्येक जुडीला वेगळ्या रंगाच्या चिंधीची गाठ बांधायच्या. निवडताना तात्या एकेकीला हुंगायचे. "वासानं रक्त घट्ट व्हत न्हाई ना? इचार डॉक्टरीणबाईला." मी खरंच विचारलं. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, हवा तेवढा वास घ्या."

घर पुन्हा भरलं. आता नुसतं भेटायला नाही, कामाने माणसं येत होती, आणि कामाने आलेला माणूस संकोचत नाही. कुणी घाईत असलं, की तात्या आतूनच ओरडायचे, "ठिव तितंच आन् जा, मी हाय." त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या बसमधल्या घरांतून जेवढी पालेभाजी शिजली, तेवढी त्याआधी कधी शिजली नसेल. स्वतः तात्या मात्र रोजची वाटीभर मेथी खायचे. तक्रार करून, पण वाटी चाटूनपुसून. रक्ततपासणीला मी बरोबर जायची. रांगेत त्यांच्या मांडीवर निवडायला एक जुडी द्यायची. लॅबमधले लोक आधी बघत राहिले, नंतर त्यांनीही आपल्या जुड्या आणल्या.

गेले तेही असेच, मांडीवर भाजी घेऊन. दुपारची वेळ होती. माई स्वयंपाकघरात होत्या. टीव्ही त्या दिवशी बंद होता. हाताला काम आल्यापासून तात्यांना त्याची गरज राहिली नव्हती, त्यामुळे झडपेची टिकटिक स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. माई मला नंतर म्हणाल्या, "मी हाक मारली न्हाई, डोकावले न्हाई. घर येकायेकी निवांत झालं गं. तवाच कळलं." इतकी वर्षं मागितलेला निवांतपणा त्यांना मिळाला होता, आणि तो त्यांना सोसत नव्हता.

वर्तमानपत्रावर जुडी अर्धी निवडलेली पडली होती. निळी चिंधी, म्हणजे माझी. ती मी घरी आणली, उरलेली निवडली, शिजवली आणि खाल्ली. तात्यांनी निवडलेली भाजी टाकून द्यायची माझी छाती झाली नाही.

दशक्रिया पवनेच्या घाटावर झाली. आदल्या दिवशी माणसं पिशव्या घेऊन आली होती. चाकवत, शेपू, अंबाडी, घोळ, तांदुळजा, शेवगा. माई दारात उभ्या होत्या. त्यांनी कुणाला अडवलं नाही. मीही अडवलं नाही. घाटावर प्रवचन लांबलं, मग श्रद्धांजलीची भाषणं लांबली. तात्या असते तर केव्हाच उठून नदीकाठाने चालायला लागले असते. मी सारखी या पायावरून त्या पायावर होत होते.

शेवटी माईंनी पिंडाशेजारी पान मांडलं. सगळ्या भाज्या वाढल्या होत्या, वेगवेगळ्या, घास घास. मेथी तेवढी नव्हती. मागून कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "काय इच्छा राहिली आसंल तर बोला, म्हंजी कावळा शिवंल." मुलगा पुढे होऊन काही बोलणार, तोच माई वाकल्या. पान हाताने सारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "खावा पोटभर. आन् जावा आता, मी हाय."

कावळा लगेच आला. शेपूत दोन चोची मारल्या, अंबाडीत दोन मारल्या, चाकवतीत दोन. एका जागी काही थांबला नाही.